कोळसा संपल्यानंतरची जमीन



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने एखादा उदात्त आणि सर्वमान्य विषय निवडावा, असा आपल्याकडे संकेत आहे. आणि चालकांनी विषयाची पूर्ण मोकळीक दिलेली असताना मी बंद पडलेल्या भूमिगत कोळसा-खाणींवरच्या जमिनीसारखा रुक्ष विषय घेऊन उभा राहिलो आहे, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असल्यास ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. तथापि हे व्याख्यान चंद्रपुरात होत आहे, आणि महाकाली, लालपेठ, रयतवारी ही या शहरातल्या वस्त्यांची नावे असावीत तितक्या सहजपणे आपण खाणींची नावे घेत असतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे विषयाच्या प्रस्तुततेबद्दल निराळे समर्थन करण्याचे कारण उरत नाही. खाण उघडते तेव्हा समारंभ होतो, नोकऱ्यांच्या याद्या निघतात, मोबदल्यावरून मोर्चे निघतात; खाण बंद होते तेव्हा मात्र पंप काढून नेले जातात, कामगारांच्या बदल्या होतात, आणि त्या जमिनीविषयी बोलणारा कोणी उरत नाही. खुल्या खाणीचा खड्डा निदान जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांत तरी सलतो. भूमिगत खाणीवर पऱ्हाटी उभी असते, घरे असतात, क्वचित शाळाही असते. म्हणून आजचे विवेचन मी भूमिगत खाणींपुरतेच मर्यादित ठेवणार आहे.

हा प्रश्न आपल्याकडे कालपरवा उद्भवलेला नाही. वरोऱ्याची कोळशाची खाण सरकारने १८७१ च्या सुमारास सुरू केली, तिच्या कोळशासाठी वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आणला, आणि १९०६ साली ती बंद करून कारभार बल्लारपूरकडे वळवला. म्हणजे खाण मिटवण्याचा अनुभव या जिल्ह्याच्या गाठी शंभरांहून अधिक वर्षांचा आहे. त्या अनुभवाचे ज्ञानात रूपांतर झाले नाही, ही गोष्ट वेगळी. त्याच वरोऱ्याजवळ पुढे बाबा आमट्यांनी खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन उभारले, आणि माणसाच्या श्रमाने ओसाड भूमी पिकाऊ होते हे साऱ्या देशाने पाहिले. त्या उदाहरणाने आपली मने इतकी भारावलेली आहेत की, बिघडलेली कोणतीही जमीन ही केवळ कष्टांची वाट पाहत पडलेली असते, असा एक भाबडा विश्वास आपल्या ठिकाणी उत्पन्न झाला आहे. ओसाड जमिनीचे दुखणे वरच्या हात-दोन हात थरात असते आणि तेथे कुदळ पोचते. पोखरलेल्या जमिनीचे दुखणे दीडदोनशे हात खाली असते. तेथे कुदळही पोचत नाही आणि सद्भावनाही पोचत नाही.

वर्धा खोऱ्यातील आपला कोळसा गोंडवन कालखंडातील बाराकार थरांत आहे, आणि त्याच्यावर पुष्कळ ठिकाणी जो वालुकाश्म पसरलेला आहे त्याला भूगर्भशास्त्रात नागपूरजवळच्या कामठीचेच नाव मिळालेले आहे. या खोऱ्यातील कोळशाचा थर जाड आहे. तो काढण्याची रूढ पद्धत अशी की, थरात एकमेकींना छेदणाऱ्या गल्ल्या खोदायच्या आणि मधे कोळशाचेच चौकोनी पिलर छताला आधार म्हणून सोडायचे. खाणीच्या टोकापर्यंत पोचल्यावर मागे येता येता ते पिलरही काढून घ्यायचे, यालाच डिपिलरिंग म्हणतात, आणि त्यामुळे जो निराधार झालेला भाग मागे राहतो तो गोफ. अशा पोखरलेल्या भागाची गती तीन प्रकारची असते. एक तर नदीची रेती पाण्याबरोबर नळातून आत सोडून तो भरून काढतात. १९३९ साली इंग्रज सरकारने या रेतीभराईसाठी स्वतंत्र कायदाच केला होता. दुसऱ्या प्रकारात छत पडू देतात, आणि ते पडले की वरची जमीनही यथाकाल खचते. तिसरा प्रकार असा की पिलर काढायचे राहून जातात, किंवा निम्मे काढले जातात, किंवा जुन्या खाजगी मालकांच्या अमदानीत ते परवानगीवाचून कोरले गेलेले असतात, आणि मग खाण तशीच बंद होते.

दुसऱ्या प्रकारातील जमीन खचते, पण निदान प्रामाणिकपणे खचते. डिपिलरिंग संपल्यावर काही महिन्यांत, फार तर दोनएक वर्षांत, तिची हालचाल बहुतांशी थांबते. पडलेला खडक मोकळा होऊन फुगतो, अधिक जागा व्यापतो, आणि म्हणून वर पडणारा सखल भाग हा काढलेल्या कोळशाच्या जाडीपेक्षा नेहमीच कमी खोल असतो. हे गणित मांडता येते, त्याप्रमाणे तजवीज करता येते. तिसरा प्रकार मात्र जुन्या वाड्याच्या माळवदासारखा आहे: वर अंगण, तुळस, वाळवण सगळे यथास्थित, आणि खालची तुळई कधीपासून किडते आहे याचा पत्ता घरधन्यालाही नाही. कोळशाचा पिलर हवेने आणि पाण्याने कडेकडेने सुटत जातो, आणि ज्या दिवशी तो छताचा भार पेलू शकत नाही तो दिवस खाण बंद झाल्यानंतर पाच वर्षांनी येईल की पन्नास वर्षांनी, हे सांगण्याचे साधन आज कोणाजवळही नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत खोल गेले, हे आपल्याला स्मरत असेल. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. वॉर्डातील इतर कुटुंबांना मात्र तेथून हलवावे लागले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. कमी खोलीवरची खाण असली की असे विवर पडते: छताचा एक लहानसा भाग सुटतो, तो पडला की त्याच्या वरचा पडतो, आणि ढासळलेला माल खालच्या गल्ल्यांतून चहूकडे पसरत गेल्यामुळे विवर भरून येत नाही, ते चढत चढत एके दिवशी एखाद्याच्या ओसरीखाली येऊन उघडते. वर्तमानपत्रांनी आठवडाभर बातम्या छापल्या. त्यानंतर काय झाले हे विचारण्याची पाळी वर्तमानपत्रांची नसते, ती आपली असते.

आता शेताकडे वळू. आपली काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, हे कोणाला सांगायला नको. आणि म्हणूनच खाणीच्या भेगेबद्दल तक्रार घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला 'काळ्या मातीला भेगा पडायच्याच' असे उत्तर मिळणे अत्यंत सोपे होऊन बसले आहे. परंतु ज्याने दोन्ही भेगा पाहिल्या आहेत त्याची फसगत होत नाही. उन्हाची भेग वाकडीतिकडी, चार दिशांना फुटलेली, आणि वावरभर सारखी पसरलेली असते; मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की माती फुगते आणि ती मिटते. खाणीची भेग सरळ आणि लांब असते, गोफाच्या कडेने चालते, धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात शिरते, तिच्या एका बाजूची जमीन दुसऱ्या बाजूपेक्षा चार बोटे खाली बसलेली असते, आणि पाऊस पडला म्हणजे मिटण्याऐवजी ती पाणी गिळू लागते. ज्या विहिरीला चैत्रापर्यंत पाणी पुरायचे ती पौषातच तळ दाखवू लागली, की शेतकऱ्याला आपल्या वावराखाली काय घडले असावे याचा अंदाज येतो. सखल झालेल्या भागात उलट पाणी साचते आणि पऱ्हाटी पिवळी पडते. एकाच शेतात एका बाजूला ओल टिकत नाही आणि दुसऱ्या बाजूला ओल हटत नाही, अशी ही विपरीत स्थिती असते.

या भेगेवरचा उपाय अवघड नाही, फक्त तो चोख करावा लागतो. वरची काळी माती प्रथम काढून बाजूला ठेवावी. भेगेचे तोंड दोन्ही बाजूंनी उतरते खणून रुंद करावे. तळाशी दगड, त्यावर मुरूम, त्यावर चिकणमाती थराथराने पाणी मारून धुमसावी, आणि शेवटी बाजूला ठेवलेली काळी माती पुन्हा वर पसरावी. मग शेताचा उतार नव्याने मोजून पाण्याला वाट काढून द्यावी. प्रत्यक्षात जे होते ते असे की एक यंत्र येते, जवळची माती ढकलून भेग झाकते, आणि निघून जाते. पुढच्या पावसाळ्यात ती माती आत जाते आणि बैलाचा पाय अडकतो. शिवाय पुनःस्थापनेच्या अहवालांत लावलेल्या रोपांची संख्या मोठ्या अभिमानाने दिलेली असते. झाडे लावण्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण ज्या वावरात कापूस आणि तूर होत होती ते वावर सागाची चार रोपे लावून पूर्ववत होत नाही, आणि रोपांची मोजदाद ही जमिनीच्या हिशेबाची जागा घेऊ शकत नाही.

पैशाची बाजू पाहिली म्हणजे या अनास्थेचे मूळ सापडते. कोळसाधारी क्षेत्रांच्या संपादनाचा १९५७ चा कायदा असा आहे की, सरकारला जमीनच घ्यावी लागते असे नाही. जमिनीखालचा खनिजाचा हक्क तेवढा घेता येतो. भूमिगत खाणीत हेच सोयीचे पडते. शेत शेतकऱ्याच्या नावावर राहते, शेतसारा तोच भरतो, आणि त्याच्या पायाखालचा कोळसा दुसऱ्याचा असतो. पुढे २७ ऑगस्ट २००९ रोजी केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याच्या आराखड्याविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यासाठी एस्क्रो, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या, खात्यात दरवर्षी रक्कम ठेवण्याची सक्ती केली, ही मोठी सुधारणा होती यात शंका नाही. पण तेव्हाच्या भावाने आकारणी कशी होती ते पाहा: खुल्या खाणीसाठी दर हेक्टरी ६ लाख रुपये, भूमिगत खाणीसाठी १ लाख. खुल्या खाणीत डोंगराएवढी माती हलवावी लागते, तेव्हा तिचा खर्च अधिक धरला हे रास्तच आहे. मात्र भूमिगत खाणीने वरची जमीन फारशी बिघडत नाही, असे जे एक गृहीत या सहास एक प्रमाणाच्या मुळाशी आहे ते मला मान्य नाही. ती जमीन बिघडायला वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि खात्यातील पैसा तितका काळ थांबत नाही. २००९ पूर्वी बंद पडलेल्या खाणींसाठी तर असे खातेच नव्हते. त्यांच्याबद्दलच्या निराळ्या सूचना निघायला २०२२ साल उजाडले, ज्या साली घुग्घुसचे घर खाली गेले.

खाणीतील पाण्याबद्दल थोडे चांगलेही सांगता येते. खाण चालू असते तोपर्यंत पाणी अखंड उपसावे लागते. पंप थांबले की पोकळी भरू लागते, आणि काही वर्षांत जमिनीखाली एक जलाशय तयार होतो. मेघालयातील किंवा आसामातील कोळशात गंधक पुष्कळ असल्यामुळे तेथील खाणींचे पाणी आम्ल होऊन ओढेनाले नासवते. गोंडवन कोळशात गंधक थोडे, म्हणून आपल्याकडे ती आपत्ती त्या प्रमाणात नाही. पाणी जड असते, त्यात क्षार असतात, पण ते शुद्ध करता येते. नागपूरजवळच्या पाटणसावंगीच्या भूमिगत खाणीतील पाणी शुद्ध करून 'कोल नीर' या नावाने बाटल्यांत भरण्याचा उद्योग वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे आपल्या वेकोलि, या कंपनीने केला, आणि सावनेरला तर खाण पाहायला पर्यटक नेण्याचीही व्यवस्था झाली. हे उपक्रम स्तुत्य आहेत. मात्र खाणीचे पाणी एकदा भरल्यावर त्याची पातळी वरखाली होऊ दिली तर पिलर अधिक लवकर सुटतात, हे विसरून चालणार नाही. तेव्हा ते पाणी कोणी किती उपसावे याला मालक हवा आणि नियमही हवा. आगीबद्दल मी अधिक बोलत नाही. भेगांतून हवा आत गेली की उरलेला कोळसा आपोआप तापतो आणि पेट घेतो. झरियाच्या कोळसाक्षेत्रात १९१६ मध्ये दिसलेली आग विझवण्याचे काम शतक उलटले तरी संपलेले नाही. भेगा बुजवण्याला शेतीपलीकडचे हे आणखी एक कारण आहे.

या प्रश्नाकडे शिस्तीने पाहणारा देश म्हणून जर्मनीचे उदाहरण देण्याची प्रथा आहे, आणि येथे ती प्रथा पाळणे मला आवश्यक वाटते. ऱ्हूर प्रांतात दीड शतकाहून अधिक काळ दगडी कोळसा निघाला; बोट्रोप येथील प्रॉस्पर-हानियेल ही तेथील अखेरची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली आणि शेवटचा कोळशाचा तुकडा कामगारांनी राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला. या खाणींनी तेथील जमीन काही ठिकाणी वीस मीटरांहूनही अधिक खाली बसली. नद्यांचे उतार उलटे झाले. एम्शर नदीच्या खोऱ्यात तर जमीन सतत हलत असल्यामुळे भूमिगत गटारे टिकेनात, म्हणून १८९९ साली तेथील नगरांनी आणि उद्योगांनी मिळून एक जलसंघ स्थापला आणि नदीलाच काँक्रीटच्या उघड्या गटाराचे रूप दिले. खाणकाम तेथून हलल्यानंतर, म्हणजे जमीन स्थिर झाल्यावर, १९९२ पासून या नदीचे पुनरुज्जीवन हाती घेण्यात आले. एक्कावन्न किलोमीटर लांबीची सांडपाण्याची वाहिनी जमिनीखाली घातली गेली, सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्ची पडले, आणि २०२१ च्या अखेरीस नदीत सांडपाणी जाणे थांबले. हे वृत्त ऐकून कोणालाही आनंद होईल. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ऱ्हूरचा सखल झालेला मुलूख पाण्याखाली जाऊ नये म्हणून तेथे आजही पंप चालू आहेत, आणि ते कधी बंद करायचे याची तारीख कोणत्याही आराखड्यात नाही, कारण ते बंद करता येणारच नाहीत. हा खर्च कायमचा आहे हे तेथील शासनाने आणि कंपनीने लेखी मान्य केले, त्याला चिरंतन दायित्व असे नाव दिले, आणि तो भागवण्यासाठी २००७ साली एक प्रतिष्ठान स्थापून कंपनीचे अन्य उद्योगांतील भाग त्याच्या हवाली केले. खाण चालू असतानाच त्यांनी हा हिशेब मांडला होता. आपल्या आराखड्यांत बंद झाल्यानंतर काही वर्षे देखरेख ठेवायची, मग प्रमाणपत्र घ्यायचे आणि खाते मिटवायचे, असा क्रम आहे. जमिनीला तो क्रम ठाऊक नाही.

पोकळ्या भरून काढाव्यात, असे आपण म्हणाल. तसे तंत्र अवगत आहे: वरून छिद्रे पाडून रेती किंवा राख पाण्यात कालवून आत सोडायची. राणीगंजच्या कोळसापट्ट्यात, जेथे खाली उतरणेच शक्य नव्हते अशा जुन्या पोकळ्यांत, हे प्रयोग झाले आहेत. रेतीचे घाट आता बांधकामालाच अपुरे पडतात, तेव्हा रेतीची आशा धरण्यात अर्थ नाही. राख मात्र आपल्या दारात आहे. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रातून निघणारी राख ठेवायची कोठे हा एक प्रश्न, आणि त्याच शहराच्या आसपासच्या पोकळ्या भरायच्या कशाने हा दुसरा प्रश्न. हे दोन्ही प्रश्न दोन निरनिराळ्या दफ्तरांत वर्षानुवर्षे शेजारी शेजारी बसून आहेत. राखेतील धातू भूजलात उतरतील काय, तिच्यातील पाणी निथळायला किती काळ लागेल, याची परीक्षा आधी झाली पाहिजे हे खरे. ती करायला नागपुरात 'नीरी'सारखी पर्यावरण-संशोधन संस्था आहे. सारेच भरता येणार नाही. ज्यांच्या वर माणसे राहतात त्या पोकळ्या आधी भराव्यात, इतका विवेक ठेवला तरी पुष्कळ काम होईल.

परंतु कोठे भरायचे हे आधी ठाऊक असले पाहिजे, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली येथे आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या पोकळीतले साचलेले पाणी फुटून आत शिरले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. अशा पाण्याच्या साठ मीटरांच्या आत परवानगीवाचून काम करू नये असा नियम आहे. पण नियम पाळायचा तर ते पाणी नेमके कोठे आहे हे सांगणारा नकाशा बिनचूक पाहिजे. खाण बंद होताना तिचा अंतिम नकाशा खाण-सुरक्षा महासंचालनालयाकडे दाखल करावा लागतो. तो नकाशा धनबादच्या दफ्तरी आणि कंपनीच्या सर्व्हे खात्यात राहतो. गावाचा नकाशा तहसिलीत आणि पटवाऱ्याकडे असतो. या दोन नकाशांची गाठ कधी पडत नाही. म्हणून ज्या जमिनीखाली गोफ आहे ती विकली जाते, तिच्यावर कर्जाचा बोजा चढतो, तिला अकृषिक परवानगी मिळते, ले-आउट पडतो, आणि घर बांधणाऱ्याला आपण कशावर पाया घालतो आहोत हे सांगणारा एकही सरकारी कागद त्याच्या हाती येत नाही. पिलर कोठे अर्धवट राहिले, कोठे नकाशापेक्षा अधिक कोरले गेले, हे ज्या सर्वेअरांना, ओव्हरमनांना आणि माइनिंग सरदारांना ठाऊक होते ते सेवानिवृत्त होऊन आपापल्या गावी गेले आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळ आता हयात नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे की, प्रत्येक भूमिगत खाणीचा अंतिम नकाशा गावनकाशावर उतरवून घ्यावा, आणि ज्या ज्या सर्व्हे नंबराखाली कोळसा काढलेला आहे त्याच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात तशी नोंद घ्यावी: खाली गोफ आहे की पिलर आहेत, खोली किती, भराई झाली की नाही. यावर पहिली हरकत शेतकऱ्याचीच येईल, हे मी जाणून आहे. अशी नोंद पडली की जमिनीचा भाव उतरेल आणि बँक कर्ज देणार नाही. हरकत खरी आहे. पण भाव आजही उतरलेलाच आहे. फक्त तो विकत घेणाऱ्याला माहीत नाही, आणि उद्या घर खचल्यावर नुकसान त्याच्या माथी बसणार आहे. नोंदीमुळे जो तोटा उघड होईल तो भरून देण्याची जबाबदारी कोळसा नेणाऱ्यावर टाकता येते. तोटा लपलेला राहिला तर ती कोणावरच टाकता येत नाही. दुसरी हरकत महसूल खात्याची येईल की हे काम आमचे नव्हे. मालगुजारीच्या काळापासून या मुलुखातील एक एक बांध आणि बोडी नोंदवणारे हे खाते आहे. दीडशे फूट खालची गोष्ट नोंदवणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे असे मला वाटत नाही.

कायदा होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. या सभागृहात घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, वणी या भागांतून आलेली मंडळी आहेत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. आपल्या गावाच्या शिवाराखाली जी खाण गेली असेल तिच्या अंतिम नकाशाची प्रत कंपनीकडे मागावी, ग्रामसभेत ती गावनकाशाशेजारी लावावी, आणि गावात एखादा जुना माइनिंग सरदार किंवा सर्वेअर असेल तर त्याला समोर बसवून त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. अर्जाला दहा रुपये लागतात. तो या आठवड्यात करावा, एवढी आपणांस माझी विनंती आहे.